बावन्न टक्के

…आणि काट्याच्या पायापाशी, पत्र्याच्या कडेला, शिशाचा तो एवढासा ठिपका — त्यावरचा शिक्का गेल्या सालचा होता. बावीस वर्षं दुकानादुकानांतून काटे तपासत फिरलेल्या बाईला अशा गोष्टी शोधाव्या लागत नाहीत, त्याच डोळ्यांत येऊन खुपतात. काटा उलटा करायचा, शिक्का बघायचा, सरकारी वजनं एकेक करून ठेवायची आणि वीस ग्रॅमने खोटं बोलणाऱ्याचा काटा तिथल्या तिथे जप्त करायचा, यातच तिचा जन्म चालला होता. कायद्याने बोलायचं तर या दवाखान्यात आज कुणाचं वजनच होऊ शकत नव्हतं. पण काट्यावर तेव्हा धाकटी उभी होती, आणि आकडा बघायचा होता.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघींचं पोटाचं ऑपरेशन एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरांनी केलेलं. ठरवलं होतं ते थोरलीने. वर्षभर पुस्तकं वाचली होती, नवऱ्याशी भांडली होती, रडली होती… आणि सगळं नक्की झाल्यावर ही बया दारात उभी राहून म्हणाली होती की मग मीपण करून घेते. घ्या! कानामागून आली आणि तिखट झाली, ते असं. तेव्हापासून दीड वर्षं, दर तीन महिन्यांनी, दोघींनी बरोबर यायचं, बरोबर वजन करायचं आणि घरी गेल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसत दोघींचे कागद शेजारी शेजारी धरायचे. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात. इथे तर दावा छापील कागदावर चालला होता.

नर्सने वाचलं — बहात्तर. शंभरावरून बहात्तर. मग थोरली चढली. नव्वद. एकशे अठरावरून नव्वद.

अठ्ठावीस! तिने मनात वजाबाकी केली, पुन्हा केली. धाकटीचे अठ्ठावीस, माझे अठ्ठावीस. सारखे! छातीत काहीतरी हललं, लहानपणी शर्यतीत कुणाच्या बरोबरीने दोरीला छाती लागल्यावर हलायचं तसं… पण नर्स कागदावर किलो लिहीतच नव्हती. ती लिहीत होती टक्के. उंचीवरून म्हणे तुमचं वजन किती असायला हवं ते ठरतं, त्याच्या वरचं सगळं जादा, आणि त्या जादापैकी किती उतरलं त्याचा टक्का. धाकटीचं जादा छत्तीस होतं, त्यातले अठ्ठावीस गेले, अठ्ठ्याहत्तर टक्के. थोरलीचं चौपन्न, त्यातले अठ्ठावीस, बावन्न. जिच्याकडे मुळात कमी पाप होतं तिलाच जास्त पुण्य. हा कुठला न्याय? दुकानात कुणी असा हिशेब लावला असता तर तिने काटाच उचलून आणला असता.

आणि तरी, बावन्न का होईना, ते पन्नासच्या वर होतं. सगळं त्या पन्नासवर अडलं होतं. पन्नासच्या खाली राहिलात तर डॉक्टर ऑपरेशन फसलं म्हणतात, पुन्हा घशातून नळी घालून तपासतात, पुन्हा कापायचं का ते बघतात. आणि सासूबाई एकच शब्द म्हणतात, नापास. तो शब्द एका शेजारणीबद्दल त्यांच्या तोंडून तिने ऐकला होता, आणि तेव्हा हसली होती.

पण बावन्न खरे होते का…? नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी उंची मोजायची पट्टी भिंतीवरून निघालेली होती, बाहेर ही गर्दी, आणि नर्सने नुसतं विचारलं होतं. धाकटीने सांगितलं, एकशेसाठ. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, थोरली म्हणून गेली की माझीही तेवढीच. का म्हणाली? धाकटीशी बोलताना आपल्याला मान जराशी वर करावी लागते हे अकरा वर्षं तिला सलत होतं, एवढंच. तेव्हा तिला काय माहीत, की त्या पाच सेंटिमीटरांवर पुढे सगळं तोललं जाणार आहे! खरी उंची, एकशेपंचावन्न, धरली की जादा होतं अठ्ठावन्न. आणि अठ्ठावन्नातले अठ्ठावीस म्हणजे… असला भागाकार तिने गेले तीन महिने रोज केला होता, नोकरीवर, जिन्यात, नवऱ्याच्या घोरण्याकडे पाठ करून. आणि रोज, तो भागाकार करता करता, तिला भूक लागत होती. जुनी भूक, ऑपरेशनआधीची. ती परत आली होती आणि हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं.

डॉक्टरांच्या खोलीत धाकटी पटकन खुर्चीत बसली. नेहमीसारखी. थोरली उभी असली की ही बसणार, थोरली बसली की ही उठून खिडकीशी जाणार. दवाखान्यात शेजारी म्हणून उभी राहायची नाही. माज, दुसरं काय.

डॉक्टर कागद चाळत म्हणाले की दीड वर्ष झालं, पन्नासच्या वर आहात, काठावर का होईना पण पास आहात, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. मग त्यांचा पेन थांबला.

"उंची दोघींची एकच?"

त्यांनी मान वर केली. कोपऱ्यात नवी पट्टी उभी होती, पायाच्या खुणा काढलेली.  ज्या दुकानदारांच्या कपाळावरचा घाम बघून थोरली काटा उलटा करायची, तो घाम आता तिच्या कपाळावर होता.

"एकच," धाकटी बसल्या जागेवरून म्हणाली. "सगळे बहिणीच समजतात आम्हाला."

डॉक्टर हसले, पेन पुढे गेला. धाकटी उठली ती पर्स शोधायच्या निमित्ताने वाकून, आणि तशीच वाकलेली दारापर्यंत गेली.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ती सरळ झाली. थोरलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि एकेक भेट डोळ्यांपुढून गेली. खुर्ची, खिडकी, खुर्ची, खिडकी. दीड वर्ष. ज्याला माज म्हणून मी रात्रंदिवस चघळत बसले ते हे होतं?

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"अठ्ठेचाळीस येतात, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "मी दर वेळी काढून बघते."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीने खांदे उडवले. मग, जणू त्याच उत्तराचा पुढचा भाग असल्यासारखं, म्हणाली, "तुम्हाला भूक लागतेय ना परत? मला कळतं. म्हणून तर बिस्किटं खालच्या फळीवर ठेवते, हाताशी. संपली की भरते."

एवढं बोलून ती जिना उतरू लागली. थोरली कठड्याला धरून उभी राहिली. बिस्किटं भरते. प्रेमाने? की दर तीन महिन्यांनी आपला कागद वरचढ राहावा म्हणून? तिने धाकटीचा चेहरा आठवून पाहिला, आवाज आठवून पाहिला, बावीस वर्षांचा सराव पणाला लावला, काही कळेना. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ती मनोमन एकाच उत्तरासाठी देव पाण्यात घालून बसली आहे. हिने घात केलेला असू दे. दुष्टपणाने केलेला असू दे. कारण ते जर प्रेम असेल, तर या सगळ्या घरात, सगळ्या दीड वर्षात, खोटं वागणारं माणूस एकच उरत होतं, आणि स्वतःचा राग करण्याची तिला सवय नव्हती.