बेलो, युलाली

सिल्व्हान बेलोने रेडिओचा कान पिळला आणि दुकानातली बडबड एकदम तुटली.

"मेलेल्यांची नावं संपली का?" दारातल्या पिंपावर बसलेल्या उस्ताशने विचारलं.

"संपली. आता पोरांची."

दुपारच्या मयतांच्या बातम्यांनंतर निकाल वाचायचे. सगळ्या बेटाची मिळून एकच यादी, आधी आडनाव, मग नाव. यादीत आलं त्याला शहरातलं हायस्कूल. जो आला नाही त्याने गावच्या शाळेत पंधराव्या वर्षापर्यंत बाक झिजवायचा, मग केळ्यांच्या शेडमध्ये पेट्या भरायच्या. क्लेमान्स त्या शेडमध्ये बारा वर्षं पेट्या भरत होती. केळीच्या चिकाने काळे पडलेले तिचे हात कसल्याही साबणाने उजळत नसत.

तिची लेक नीनी काउंटरपाशी साखरेच्या पोत्यावर बसली होती, शेजारी दुकानदार सिल्व्हानची मार्सिया. दोघी अकरा वर्षांच्या, पहिलीपासून एका बाकावरच्या. दोघींनी एकमेकींचा हात असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

"माझं आडनाव बीवरून, तुझं जेवरून," मार्सिया म्हणाली. "आधी मी मरणार."

"गप गं, चांगलं बोल!" अर्नेस्टीन, तिची आई, काउंटरमागून ओरडली.

क्लेमान्स विकत घेतलेली मिठाची पुडी हातात धरून उभी होती. जेची वाट बघायचं तिला कारणच नव्हतं. नीनी जॉन-बाप्टिस्ट हे गावाचं नाव, शाळेच्या हजेरीचं नाव. परीक्षेच्या फॉर्मला मात्र जन्माचा दाखला लागला. हेडबाईंनी दाखला पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला आणि मुकाट्याने फॉर्म भरला. निघताना एवढंच म्हणाल्या, "रेडिओवर कागदावरचंच नाव वाचतील हं, क्लेमान्स."

दाखल्यावर बापाची सही होती. बापाच्या रकान्यात नुसती रेघ नको म्हणून क्लेमान्स त्याच्या पाया पडली होती. सिल्व्हान शहरात जाऊन चोरासारखा सही करून आला. कागद ट्रंकेतून बाहेर काढायचा नाही, एवढी एकच अट. तिने शब्द दिला होता आणि पाळलाही होता. आता नाव वाचलं गेलं तर पोर सुटणार होती आणि ती अडकणार होती. पोर सुटावी असंच तिला वाटत होतं.

"ऑगस्टीन, पर्ल... बाझिल, हेन्री..." निवेदक कोरड्या आवाजात वाचत होता. "बेलो..."

अर्नेस्टीनने किंकाळीच फोडली. तिने काउंटरवरून वाकून मार्सियाला कवटाळलं. त्या गोंधळात पुढचं नाव जेमतेम ऐकू आलं.

"...युलाली."

"कोण? युलाली?" उस्ताश म्हणाला. "बेलो तर बेटावर तुमचं एकच घर."

मग अर्नेस्टीनने नवऱ्याकडे वळून कमरेवर हात ठेवले.

"पोरीला नोंदवायला तू गेला होतास ना? मी बाळंतिणीच्या खाटेवर, आणि तू काय लिहून आलास, युलाली?"

उस्ताश खो खो हसायला लागला. घरात हाक एक आणि कागदावर नाव दुसरं, हे त्या गावात घरोघरी होतं. खुद्द उस्ताशला आपलं खरं नाव चाळिसाव्या वर्षी, पासपोर्ट काढताना कळलं होतं. "बापाने वाटेत दोन घोट घेतले असणार! पोरीचं नावच सांडलं रस्त्यात!"

"बोल की," अर्नेस्टीन म्हणाली. "परीक्षेला दाखलाही तूच नेऊन दिलास. तेव्हाही वाचला नाहीस?"

सिल्व्हान तराजूच्या पारड्याकडे बघत होता. "असेल," तो म्हणाला. "तेच असेल."

"पण मी मार्सिया आहे," मार्सिया म्हणाली.

"आजपासून युलाली! उघड रे बाटली, पोरीला लाल सरबत दे!" उस्ताश ओरडला.

सिल्व्हानने बाटली उघडून पोरीपुढे ठेवली. त्याने क्लेमान्सकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको.

नीनीने मार्सियाच्या गळ्यात हात टाकला होता. "पोचलीस बघ तू! आता माझं. आपण एकाच बसने जाऊ."

क्लेमान्सच्या हातातली मिठाची पुडी फुटली. घरी गेल्यावर सांगू, तिने मनाशी म्हटलं. पत्र येईल तेव्हा बघू. एवढी वर्षं गेली, अजून चार दिवस.

रेडिओ एच ओलांडून पुढे गेला. नीनी पोत्यावरून उतरून रेडिओला जवळजवळ चिकटली.

"जेम्स, अल्मा... जॉन-बाप्टिस्ट..."

नीनीने श्वास ओढला.

"...कथबर्ट. जोसेफ, अग्नेस. जोसेफ, डेल्फिन..."

नीनी थोडा वेळ तशीच उभी राहिली. निवेदक चुकून मागे येईल म्हणून ती वाट बघत होती की काय कोण जाणे. मग ती मार्सियाकडे बघून हसली, हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती दाराकडे वळली.

"मी शेडमध्ये जाईन," ती म्हणाली. "आईबरोबर."

"नीनी, थांब."

क्लेमान्सचा आवाज एवढा मोठा निघाला की उस्ताश पिंपावरून उठला.

"तुझं नाव येऊन गेलं. मघाशीच. युलाली माझ्या आईचं नाव. तुझ्या दाखल्यावर मीच लिहवलं." तिने मिठाचे हात झग्याला पुसले. "आडनाव कोणी लिहवलं ते सिल्व्हान सांगेल."

सिल्व्हानची मान वर झाली नाही. अर्नेस्टीनने एका पोरीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. दोघी अकरा वर्षांच्या. हिशेब करायला तिला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी पास?" नीनीने विचारलं.

"हो गं माझ्या बाई, पास."

मार्सियाने ओठांजवळ नेलेली बाटली हळूच खाली ठेवली. बीची नावं केव्हाच संपली होती, हे तिलाही आता कळलं होतं. अर्नेस्टीनने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिथेच राहू दिला आणि दुसऱ्या हाताने रेडिओ बंद केला.

"आणखी एक बाटली उघड, सिल्व्हान," ती म्हणाली. "मुली दोन आहेत तुला."

सिल्व्हानने बाटली घेतली. ओपनर काही केल्या झाकणावर बसेना.