राखेला फुटलेले पाय

मामाच्या मेंढ्यांच्या गोठ्यासमोर सकाळीच ही झुंबड उडाली होती. मेंढ्यांच्या डोक्यावर मोठा पांढरा दिवा, दिव्याखाली पाण्याची परात आणि पाण्यावर काळ्या भुकटीचा थर. रोग घालवणारे दिवे विकणारे महाराज बोटाने भुकटी उचलून प्रत्येकाच्या नाकासमोर धरत होते.

"बघा, रात्रभर जळालेला रोग! प्रकाशापुढं रोगाची राख होते, राख! रानातली हरणं का मेली? त्यांना कुणी दिवा लावला होता?"

"नाही!" सगळे एका सुरात ओरडले.

मामाच्या भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जनावरांची डॉक्टर. ओढ्याकाठी सुजलेल्या जिभांची मेलेली हरणं सापडल्यापासून ती गोठ्यागोठ्यात फिरून मेंढ्यांचं रक्त तपासत होती. हा निळ्या जिभेचा रोग, चिलटं चावून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाणारा. तो कुठवर आलाय हे वेळेत कळलं, तर पुढच्या कळपांना लस टोचून वाचवता येणार होतं. आणि तिच्या तोंडावर पहिलं दार लावलं ते सख्ख्या मामानं.

"मामा, रक्त घेऊ दे."

"नको गं. महाराज म्हणतात, रोगाचं नाव काढलं की रोग येतो. तू तर उठता-बसता नाव काढतेस."

"मग आधी मलाच व्हायला हवा होता!"

कुणी हसलं नाही. तिने बशीत थोडी 'राख' घेतली आणि खिशातलं भिंग मामाच्या हाती दिलं. मामानं डोळा लावला आणि दचकून मान मागे घेतली.

"अगं, हलतंय हे!"

"राखेला पाय कधीपासून फुटले, महाराज?"

महाराज कसले गडबडतात! "रोगाचेच किडे ते! प्रकाशानं जनावराच्या अंगातून ओढून काढले."

लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. तिला वाटलं, भिंग भिरकावून द्यावं. पण ती एवढंच म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

महाराज उतरले होते त्या घराच्या मागच्या अंगणात, घरमालकाला विचारून, तिने आदल्या संध्याकाळी महाराजांकडूनच विकत घेतलेला दिवा टांगला होता. खाली परात. परात काळी झाली होती.

"इथे एकही मेंढी नाही. मग रोग कुणाच्या अंगातून निघाला? महाराजांच्या?"

आता मात्र हशा पिकला. ती हसली नाही.

"ही चिलटं आहेत. उजेडावर झेपावतात. त्यांना पकडायला मीही दिवाच लावते, पण त्याला पंखा आणि जाळीची पिशवी असते, आणि तो गोठ्यापासून लांब असतो. तुम्ही तो मेंढ्यांच्या डोक्यावर टांगलात. पाण्यात पडली ती अडकली, बाकीची मेंढ्यांना चावून गेली. या माणसानं तुम्हाला रोगाला आमंत्रण द्यायला लावलं आणि वर दिव्याचे पैसे घेतले!"

महाराज गाडीची किल्ली चाचपत होते. दोघांनी त्यांची वाट अडवली.

मामा घरी परतला, मागोमाग सगळे आले, आणि त्यानं गोठ्यामागची खोली उघडली. अंधारात मेंढ्या पडल्या होत्या. लाळ गळत होती, ओठ सुजले होते, एकीची जीभ जांभळी होऊन बाहेर आली होती.

"तुला दिसू नयेत म्हणून ठेवल्या," मामा म्हणाला.

"मामा, तुझा इतका राग आलाय मला की काय सांगू. ही धर. रक्त घेते."

मामानं मेंढी मांडीशी धरली आणि दारातल्या लोकांवर खेकसला, "बघत काय उभे राहिलात? मी एकट्यानंच लपवल्यात का? जा, उघडा आपापल्या खोल्या!"

निम्म्या माना खाली गेल्या.

"दिवे विझवा," ती म्हणाली, "मेंढ्या दिवस मावळायच्या आत घरात घ्या, खिडक्यांना बारीक जाळी लावा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याला प्रश्न विचारा. तुम्ही विचारला नाहीत, म्हणून या मुक्या जिवांनी भोगलं."