साखर घातलेला मक्याचा पाव

ऑक्टोबर लागला, शेतांतला कापूस वेचून झाला आणि त्याचे उरलेसुरले पुंजके रस्त्याकडेच्या गवतात अडकून पडायला लागले, की होलिस आणि व्हर्लीन प्रुइट घराला कुलूप लावायचे आणि दहा दिवस जेवायला निघायचे. लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात. हे दोघं जेवायला जायचे आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती. अलाबामातल्या आपल्या गावाहून निघून शेजारच्या मिसिसिपी राज्यात शिरायचं, हमरस्ता चुकूनही धरायचा नाही, आणि आत कुणाची तरी आई चुलीपाशी उभी असेल असं ज्या दारावरून वाटेल त्या दारात थांबायचं, एवढाच बेत असायचा.

गाडी व्हर्लीन चालवायची. होलिसच्या हाती चाक देण्यात अर्थ नव्हता, कारण जेवणाबद्दल बोलायचं म्हणजे त्याला दोन्ही हात लागायचे. छत्तीस वर्षं त्याने गावोगाव टपाल वाटलं होतं आणि प्रत्येक पत्राबरोबर चार वाक्यं फुकट दिली होती. व्हर्लीनने तेवढीच वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. रोज तीनशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईला जेवणावर बोलायला सवड नसते. ती घास घ्यायची, म्हणायची "बरंय", आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तो सांगायला लागला की तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळायचं, की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई जेवते ती त्याच्या तोंडूनच.

या वर्षी मात्र होलिसला कशाचीच चव लागत नव्हती. जूनमध्ये त्याला ताप आला, चार दिवसांनी उतरला, आणि जाताना जिभेवरचं आणि नाकातलं सगळं घेऊन गेला. सकाळची कॉफी म्हणजे गरम पाणी. मिरचीची आग तेवढी कळायची, बाकी घास म्हणजे मऊ काहीतरी किंवा कडक काहीतरी. तो गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, येईल परत, किंवा नाही येणार, या वयात मी वचन देत नाही. घरी येऊन होलिसने बायकोला सांगितलं की रक्तदाब तपासून आलो, ठीक आहे.

त्याने का लपवलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. व्हर्लीनला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी या दहा दिवसांचा विषय बंद केला असता आणि पुन्हा कधी काढला नसता. स्वतःसाठी म्हणून ती वर्षभरात दुसरं काहीच मागत नसे. शिवाय तिच्या हातचं खाऊन तो काय बोलतो, यावर त्या बाईचं एकेचाळीस वर्षांचं सुख उभं होतं. ते आपल्या हाताने पाडायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हा आठ दिवस होलिस बेमालूम खोटं बोलला. जिभेने दगा दिला तिथे त्याने डोळे आणि दात कामाला लावले. तळलेल्या कोंबडीचं कवच किती कुरकुरतं यावरून तो बोलायचा. कोलार्डच्या पाल्याची भाजी किती काळपट झाली आहे ते बघून तिच्यात डुकराचं हाडूक किती वेळ शिजलं असेल हे सांगायचा. आणि तेही पुरलं नाही की डोळे मिटायचा आणि जुनी चव आत शोधायला जायचा. गंमत म्हणजे ती सापडायची. दुपारी गाडी संथ चाललेली असायची, दोन्ही बाजूंना रिकामी झालेली शेतं, मधूनच मासे पाळायची तळी, त्यांच्या काठावर हलायचं विसरून गेलेले पांढरे पक्षी, आणि सगळ्यावर काकवीच्या रंगाचं ऊन. त्या उन्हात अर्धवट डोळा लागला की त्याला आईचं स्वयंपाकघर दिसायचं. आई लोखंडी तव्यावरून चरबीचा बोळा फिरवायची, तवा तापून हलकासा धूर यायचा, आणि त्या धुराचा वास खरोखर त्याच्या नाकात शिरायचा. तो दचकून जागा व्हायचा तेव्हा वास गेलेला असायचा. मग तो बायकोला त्या सकाळच्या न्याहारीबद्दल असं काही रंगवून सांगायचा, की आपण खोटं बोलतोय का खरं, हे त्याचं त्यालाच उमगायचं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, रस्त्याकडेला एका लहानशा चर्चपुढे पाटी दिसली. तिथे वर्षातून एकदा भरतो तो माहेरपणाचा रविवार होता. गाव सोडून गेलेले त्या दिवशी परत येतात, प्रार्थना होते, आणि मग ओकच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडून अंगणात जेवण. पाहुण्याला ताट भरेपर्यंत कुणी नावगाव विचारत नाही. व्हर्लीनने न विचारताच गाडी आत घेतली.

टेबलांवर घराघरातून आलेली भांडी होती. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. सगळ्या बायका जरा मागे, सावलीत, एकमेकींच्या पोरांची चौकशी करत उभ्या होत्या आणि तिरक्या नजरेने कुणाचं भांडं आधी रिकामं होतंय ते बघत होत्या. होलिसने ताट भरलं. कोंबडी, भेंडी, लोण्यातले पावटे, आणि लोखंडी तव्यातला मक्याचा पाव, त्रिकोणी कापलेला, वरून छान तांबूस.

आता होलिस आणि मक्याचा पाव याबद्दल सांगायला हवं. होलिसची माणसं डोंगराकडची. त्यांच्याकडे मक्याच्या पावात साखर घालणं म्हणजे चर्चमध्ये टोपी न काढता बसण्याइतकं पाप. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला व्हर्लीनच्या बहिणीने गोड पाव केला, तर या गृहस्थाने भर पंगतीत विचारलं होतं, "हा पाव आहे का वाढदिवस?" बहीण दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. त्यानंतर त्याच्या जेवणात साखरेचा पाव कुणी आणला नव्हता.

त्याने घास तोडला. पाव मऊ होता, कड कुरकुरीत होती, तवा जुना होता. त्याने डोळे मिटले, आईचं स्वयंपाकघर शोधलं आणि हात वर करून मोकळ्या आवाजात म्हणाला, असा पाव माझ्या आईनंतर मी कुठे खाल्ला नाही. अगदी तोच. चवीत तसूभर फरक नाही.

मागच्या सावलीतून एक ठेंगणी म्हातारी लगबगीने पुढे आली. सगळे तिला मिस ओडेसा म्हणत. तिने होलिसचा दंड धरला आणि साऱ्या जणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "देव तुमचं भलं करो. या सगळ्या मला बोलतात हो, ओडेसा, तुझा साखरेवर हात फार सैल म्हणून. आता ऐका म्हणावं."

होलिसचा हात हवेतच राहिला. टेबलाच्या पलीकडे व्हर्लीन उभी होती. तिने आपलं ताट खाली ठेवलं, मिस ओडेसाला दोन गोड शब्द बोलली, आणि गाडीकडे चालायला लागली.

तो मागोमाग जाऊन शेजारी बसला. गाडी बंद होती तरी तिचे दोन्ही हात चाकावर होते. समोर पोरं धावत होती, बायका हसत होत्या, आणि काचेतून ते सगळं लांबचं, पाण्याखालचं वाटत होतं.

"होलिस रे प्रुइट," ती म्हणाली. मधल्या 'रे'सकट पूर्ण नाव ती भयंकर रागावली असेल तेव्हाच घ्यायची. "त्या पावात केकला घालतात तेवढी साखर होती. मला वासावरूनच कळलं."

मग त्याने सांगून टाकलं. ताप, कॉफी, डॉक्टर, रक्तदाब, सगळं. तिने मान वळवली नाही.

"म्हणजे आठ दिवस तू मला बनवलंस."

"चार महिने," तो म्हणाला. एकदा खरं बोलायला लागल्यावर त्याला मधे थांबता येईना. "घरी तुझ्या हातचंही."

ते तिला फार लागलं. इतकं हुबेहूब खोटं बोलता येतं तुला, ती म्हणाली, मग त्याआधीच्या एकेचाळीस वर्षांचं काय? मी केलेलं ताटात पडलं की तू जे बोलायचास, ते मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपायचे. त्यातलं खरं किती आणि माझं मन राखायला किती, हे आता मी कुणाला विचारू?

होलिसने गुडघ्यांवरचे हात बघितले.

"डंपलिंग," तो शेवटी म्हणाला. "लग्नाच्या पहिल्या वर्षी तू रश्शात उकडायचीस ते पिठाचे गोळे. दगड होते ते. एक मी रुमालात बांधून नेला आणि टपालाच्या वाटेवर एका कुत्र्याला घातला. त्याने हुंगला आणि खड्डा करून पुरला."

व्हर्लीनने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आणि?"

"आणि काही नाही. वर्षभर खोटं बोललो. मग एका रविवारी ते मऊ झाले, आणि त्यानंतर या जूनपर्यंत जे बोललो ते सगळं खरं."

ती त्याला निरखत राहिली. मन राखणारा माणूस कुत्र्याची गोष्ट सांगत नाही, हे तिला कळत होतं. तिला हसू आलं. ते आवरता आवरता रडू फुटलं, आणि पर्समधला रुमाल काढून तिने दोन्ही एकदमच पुसलं. मला का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं. तू माझ्यासाठी पातळ सूप केलं असतंस, तो म्हणाला, आणि स्वतः ओट्याशी उभी राहून उरलंसुरलं खाल्लं असतंस. खाल्लंच असतं, ती म्हणाली. म्हणूनच, तो म्हणाला.

व्हर्लीन उतरली आणि झाडांखाली गेली. तिला परत यायला थोडा वेळ लागला, कारण मिस ओडेसाने तिला धरून ठेवलं होतं. आली तेव्हा हातात कागदाची ताटली होती आणि तिच्यावर त्याच पावाचे दोन मोठे तुकडे होते.

"हे दोन्ही माझे," ती म्हणाली. "एकेचाळीस वर्षं मी हा खाल्लेला नाही."

होलिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुला हा आवडतो?"

"माझ्या आईचा असाच असायचा."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलत तू होतास," व्हर्लीन म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते होलिसला जास्त लागलं. एवढी वर्षं दोघांच्या जेवणात आपल्याच आईचा तवा तापत होता, आणि शेजारी बसलेल्या या बाईचीही एक आई होती हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग आता सांग," तो म्हणाला.

मला नाही तसं बोलता येत, ती म्हणाली. पण तिने घास घेतला. डोळे मिटले. होलिस हात मांडीखाली दाबून गप्प बसला, कारण ते उगाच हलायला लागले असते. झाडांखालून कुणाच्या तरी गाण्याचा सूर येत होता, गाडीत ऊन साचलं होतं, आणि व्हर्लीन इतक्या सावकाश चावत होती की जणू तिला हे संपवायचंच नव्हतं.

"कडेची साखर जराशी करपलीय," ती म्हणाली. "ती आधी लागते, कडसर. मग आतलं गोड येतं. फार नाही गोड, मक्याच्या मागे मागे चालतं. आणि मीठ आहे. मीठ आहे म्हणून गोड आहे ते." तिने दुसरा घास घेतला. "आई दर शनिवारी दुसऱ्यांचे कपडे धुवायची. हातांना साबणाचा वास असायचा आणि त्याच हातांनी ती हा फोडायची, वाफ निघायची, आणि आम्ही चौघी बहिणी तोंड त्या वाफेत घालायचो. साबण आणि साखर, असा मिळून एक वास होता. मी तो नंतर कुठे शोधलाही नाही. कुणाला सांगणार होते?"

एवढं बोलून ती थांबली. लाल झाली होती, पोरीसारखी. मग आपण थांबलोय हे लक्षात येऊन तिने आणखी एक घास तोडला आणि पुढे सांगायला लागली. थोरल्या बहिणीला कडेचा तुकडा हवा असायचा, धाकटीला मधला. आई सगळ्यांना वाढून तव्याला चिकटलेला चुरा सुरीने खरवडायची आणि तो व्हर्लीनच्या तळहातावर ठेवायची, कारण व्हर्लीन कधी काही मागायची नाही.

होलिस ऐकत होता. त्याच्या जिभेवर अजून काही म्हणजे काही नव्हतं. पण ऐकता ऐकता तो पुढे सरकला, तिच्या ताटलीकडे बघायला लागला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला सपाटून भूक लागली.