संध्याकाळची गोळी

आमच्याकडे जावई बायकोच्या गावी नांदायला येतो, आणि सासू त्याच्या समोर येत नाही. वायसनची झोपडी माझ्याच अंगणात. माझ्या लेकीशी, लिनेसशी, त्याने इतकी वर्षं संसार केला, पण मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तो वाटेत दिसला की डोक्यावरून कापड ओढून मी गवतात शिरायची. छप्पर गळतंय हे त्याला कळवायचं असलं की कोंबडीकडे बघून मोठ्याने बोलायची, आणि दुसऱ्या दिवशी छपरावर नवं गवत यायचं. माणूस वाईट नव्हता. पण ताठा फार.

लिनेसला तो आजार निघाला तेव्हा तिचं पोट पाठीला लागलं होतं. या सरोवराकाठी तेव्हा रोज कुणाला ना कुणाला पुरत होते. मग हॉस्पिटलात फुकट गोळ्या आल्या. सिस्टरची अट होती की प्रत्येक रोग्यामागे घरचा एक राखणदार हवा. मी झाले राखणदार. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, जन्मभर. बघता बघता माझी पोर डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चालायला लागली. मला तर सिस्टरचे पाय धरावेसे वाटले.

वायसनने तपासून घ्यायला साफ नकार दिला. होडीवरचे लोक काय म्हणतील, हे त्याचं कारण. पुढे तो मासे धरायला जाईनासा झाला. आळस चढलाय, असं मी कोंबडीला ऐकवलं.

मग लिनेस पुन्हा खोकायला लागली. जिभेवर पांढरा थर आला. सिस्टरने तिचं वजन केलं आणि मला बाजूला घेतलं.

"नाबांदा, ही गोळ्या चुकवतेय."

"माझ्या डोळ्यांदेखत घेते."

"दोन्ही वेळा?"

संध्याकाळची ती आपल्या झोपडीत घ्यायची. तिथे मी कशी जाणार?

"अर्ध्या औषधाने आजार मरत नाही, उलट सोकावतो. मग ही गोळी चालत नाही, आणि दुसरी माझ्याकडे नाही," सिस्टर म्हणाली.

त्या संध्याकाळी मी लिनेसच्या चुलीमागे उभी राहिले. तिने गोळी चमच्याच्या पाठीने चुरली आणि मक्याच्या पेजेत कालवली.

"कुणासाठी?" मी विचारलं.

ती दचकली. "हळू बोल आई. त्याला माहीत नाही."

"हॉस्पिटलात ने त्याला."

"तो ऐकतोय होय? आणि मी विचारून आलेय. गोळ्यांसाठी नवी नावं मका काढल्यावर घेणार. तोवर राहील का तो?"

"आणि तू?"

"माझं चाललंय ना अर्ध्यावर."

"मरायला टेकलीयस, आणि म्हणे चाललंय."

ती उठली. वाडगा घेऊन आत गेली. त्या रात्री मी जावयाला मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

सकाळी ती पाण्याला गेली आणि मी त्यांच्या झोपडीत शिरले. माझी आई हयात असती तर तिने मला जिवंत ठेवलं नसतं. सगळं ओठांवर आलं होतं: घाबरट मेल्या, बायकोच्या जिवावर जगतोस. पण चटईवर वायसन नव्हताच. कातड्यात गुंडाळलेली हाडं होती. किती महिने मी त्याचा चेहरा बघितला नव्हता. मला पाहून तो उठायला धडपडला, मग लाजून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जावईबापू," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "लिनेस तिची गोळी तुमच्या पेजेत घालते. तिला पुरत नाहीय. ती मरेल."



"कडवट लागायची," तो भिंतीकडेच बघत म्हणाला. "मला वाटलं, चुलीतली राख पडते."

"उद्या लॉरीत घालून नेते तुम्हाला."

"नेऊन? गोळ्या मका काढल्यावर ना?"

त्यालाही हे माहीत होतं. म्हणजे त्यानेही कुठे तरी विचारलं होतं.

"आई, मी तोवर टिकेन?"

खोटं बोलता आलं असतं. त्यानं एखादा दिवस जास्त पेज खाल्ली असती.

"माझी पोर टिकली पाहिजे," मी म्हणाले आणि बाहेर आले.

त्या संध्याकाळपासून त्याने तिच्या हातचं तोंडात घेतलं नाही. ती विनवायची, रडायची, चिडायची. मला माझ्या चुलीपाशी सगळं ऐकू यायचं. नातवंडांच्या हातून तो नुसतं पाणी घ्यायचा. मका अजून हिरवा होता तेव्हा तो गेला. त्याची माणसं डोंगरातून आली आणि देह आपल्या गावी घेऊन गेली.

आम्हीही तिथे जाऊन मूठमाती देऊन परतलो तेव्हा दिवस मावळत होता. मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन लिनेसपुढे बसले. तिने गोळी हातात घेतली, पण तोंडात टाकली नाही.

"इतक्या वर्षांत तू त्याच्याशी एकदाच बोललीस," ती म्हणाली. "आणि हेच बोललीस."

मी पेला पुढे धरून बसले. खूप उशिराने तिने गोळी गिळली.