खिडकीजवळची जागा

सुतारमामांची नजर म्हणजेच टेप, असं सगळी गल्ली म्हणायची. लोकांच्या घरी ते दोनदा माप घेत, पण स्वतःच्या घरात टेप काढणं त्यांना कमीपणाचं वाटे. मामींना शिलाई मशीन खिडकीजवळ हवं होतं, उजेडाला. मामा दारातूनच एक डोळा मिटून खिडकीजवळच्या तिरक्या भिंतीकडे बघायचे आणि सांगायचे, "नाही बसणार. उगाच डोकं खाऊ नकोस." मामींनी जन्मभर अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे फोडत शिवणकाम केलं.

मामी गेल्या आणि घर खायला उठलं. एका दुपारी लेकीचा फोन आला, "बाबा, मशीन मी नेते. गाडीत मावेल का, जरा मोजून सांगा."

मामांनी मशीन मोजलं. टेप हातात होताच, म्हणून खिडकीजवळची जागाही मोजली. मग दारात जाऊन पाहिलं, तर तिथून ती अजूनही अपुरीच दिसत होती.

त्यांनी मशीन ओढत नेऊन तिथे ठेवलं. ते ऐसपैस बसलं. उजेड थेट सुईवर पडला.

"अगं, बसलं की!" मामा अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळून ओरडले.