हिरवी खूण

"वहिनी, जे उघडून आत बघता येत नाही त्याच्या भरवशावर माणसं सोडू नकोस," नणंद म्हणाली तेव्हा मी बाळाचं तोंड पुसत होते.

"तुझं आपलं काहीतरीच. आम्हाला वापरायचंय, उघडून काय बघायचंय?"

"बॉनेटला सील ठोकलेली गाडी घेशील?"

"मी गाडी चालवतच नाही," म्हणत मी विषय संपवला.

नणंद सॉफ्टवेअर लिहिते. मी एका लहान संस्थेत आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना रोज सकाळी फोन करायचा, कुणी उचलला नाही तर शेजाऱ्यांना कळवायचं, हे आमचं काम. माणसं वाढली, आमचे हात पुरेनात, म्हणून आपोआप फोन लावणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. नणंदेचा आग्रह ओपन सोर्सचा होता, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. आम्ही एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. दिसायला देखणं. फोन उचलला गेला की नावापुढे हिरवी खूण.

आमच्या यादीत एक घड्याळआजी होत्या. फोनला जरा उशीर झाला की ऐकवायच्या, "आज डोळा लागला होता वाटतं?" यजमान गेले, तरी त्यांच्या आवाजातला निरोप आजींनी फोनच्या यंत्रावर तसाच ठेवला होता; कुणी फोन उचलला नाही की तो आपोआप वाजायचा. "नमस्कार, आम्ही आत्ता फोन घेऊ शकत नाही." एकदा आजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे गेल्या होत्या, तरी त्यांच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. सॉफ्टवेअरला माणूस आणि यंत्र यांतला फरक कळत नव्हता. गेलेला नवरा बायकोची हजेरी लावत होता.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे. पुढच्या आवृत्तीत पाहू." पुन्हा कळवलं, पुन्हा तेच.

"दोन ओळींचं काम आहे गं," नणंद म्हणाली, "पण कुलूप त्यांचं."

आजींना विचारलं, तो निरोप काढता का? त्यांनी उलट बाळाची चौकशी सुरू केली. मग मी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी स्वतःच त्यांना फोन करू लागले.

एके दिवशी बाळ तापानं फणफणलं. औषध, पट्ट्या, डॉक्टर. दुपारी ताप उतरला तेव्हा आजी आठवल्या. मोबाइलवर पाहिलं तर हिरवी खूण. फोन लावला. "नमस्कार, आम्ही आत्ता..."

शेजाऱ्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. आजी सकाळपासून न्हाणीघराच्या दाराशी पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "आज फार उशीर झाला गं."

त्या पुन्हा चालल्या नाहीत. भाचीनं त्यांना कायमचं आपल्याकडे नेलं. जाताना बाकी सामान मागच्या गाडीत होतं, फोनचं यंत्र तेवढं आजींच्या मांडीवर.

त्यानंतर आम्ही ओपन सोर्सवर आलो. नणंद आमच्या कचेरीत येऊन बसली आणि संध्याकाळच्या आत दुरुस्ती झाली. आता फोन विचारतो, "ठीक असाल तर एक दाबा." यंत्राला एक दाबता येत नाही. ही दुरुस्ती तिनं सगळ्यांसाठी खुली ठेवली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं ती उचलली आणि प्रश्न सावकाश, दोनदा विचारायची सोय जोडली. तीही आम्हाला मिळाली. कुणाची परवानगी नाही, पुढच्या आवृत्तीची वाट नाही.

"शिवाय फुकट," मी म्हटलं.

"फुकटाचं सोड, वहिनी. दुरुस्ती आपल्या हातात आली, तशी जबाबदारीही आली. आता कंपनीकडे बोट दाखवता यायचं नाही."

बाळाच्या पाळण्याशी श्वास मोजणारं यंत्र आहे. त्याचा दिवा हिरवा असला तरी मी नाकाशी बोट धरून बघतेच. नवरा हसतो. हसू दे.

ते जुनं सॉफ्टवेअर अजून कितीतरी संस्थांत चालू आहे. तुमची आत्या, मावशी, शाळेतल्या जुन्या बाई अशाच एखाद्या यादीत असतील, नावापुढे हिरवी खूण असेल. आज त्यांना स्वतः फोन करा. नुसता "नमस्कार" ऐकून फोन ठेवू नका. इतके दिवस कुठे होतास म्हणून त्या रागावेपर्यंत थांबा.