पान एकतीसवरचा शब्द

कौमुदीचा पहिला फोन आला, "काका, मला शुभाकाकूंच्या टेप हव्या होत्या," आणि मी फोन ठेवून दिला. माझी बायको शुभा जाऊन आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिच्या संस्थेतून कुणी मला साधं कसे आहात विचारलं नव्हतं. आणि आता एकदम टेप?

शुभा फ्रँकफर्टच्या संस्थेत भाषेवर काम करायची. मी झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासायचो, तिच्यासाठी फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला आलो. बारा वर्षांपूर्वी ती दोन हिवाळे शेलवण खोऱ्यातल्या ठाकर आदिवासींच्या पाड्यांवर राहिली आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टेप करून आणलं. त्याची पुस्तिका निघाली.

दुसऱ्या फोनला कौमुदीने सगळं सांगितलं. ती शुभाच्याच संस्थेत पीएचडी करते. शेलवणच्या एकोणीस पाड्यांचा सरकारशी करार होतोय, रान कुणाचं यावर. इथले काही लोक त्या कराराला पाठिंबा देतायत. त्यांना पाठिंबा देणाऱ्यांच्या यादीत शुभाचं नाव हवं होतं आणि मूळ टेपही.

रानाचं नाव घेत कुणी आलं की मागे खाण असते नाहीतर रिसॉर्ट, असं माझं मत. मी तिला शनिवारी दुपारी बोलावलं, पण टेप द्यायची नाही हे ठरवूनच.

दारातच ओळखपत्र मागितलं.

"आधार दाखवू की इथलं आउसवाइस?"

"दोन्ही."

तिने दोन्ही दाखवली. "बोटांचे ठसेही घ्या काका, वेळ आहे माझ्याकडे."

मी हसलो नाही. चहाही विचारला नाही. शुभा असती तर ओरडली असती.

कौमुदीने कराराचा मसुदा पुढे ठेवला. मी सावकाश वाचला, कारखान्यात तपासणीचा कागद वाचायचो तसा. चौथ्या कलमाशी थांबलो. पाड्यांनी पूर्वी हे रान राखीव जंगल म्हणून सरकारला दिलं होतं, आता सरकार ते त्यांना वापरायला देत आहे, असं लिहिलं होतं. खाली आधार दिला होता शुभाच्या पुस्तिकेचा. पान एकतीस.

"म्हणजे सरकार उपकार करतंय," मी म्हटलं. "आज दिलं, उद्या काढून घेतलं."

"गेनाऊ, अगदी तेच. पाड्यांवरचे लोक म्हणतात, आम्ही रान कधीच देऊन टाकलं नाही. सरकारी वकील म्हणतात, तुमच्याच पाड्यावरच्या सोमीआजीने सांगितलंय, हे बघा छापलेलं. शुक्रवारी शेवटची बैठक आहे."

"म्हणजे तुम्हाला माझी बायको खोटी पाडायची आहे."

"मला टेप ऐकायची आहे, काका."

"तुम्हाला नेमलंय कुणी?"

"कुणी नाही. आणि मला अहो-जाहो नका करू, मी तुमच्या ऊर्जापेक्षा लहान असेन."

माझ्या मुलीचं नाव हिला कुठून कळलं? मी विचारलंच. तिने पुस्तिका उघडली. अर्पणपत्रिकेत छापलं होतं, ऊर्जासाठी.

शेवटी मी म्हटलं, आधी मी एकटा ऐकणार. तिला समोर बसवलं आणि कानाला हेडफोन लावले. आठ महिन्यांत मी शुभाचा आवाज ऐकला नव्हता. फोनमधले तिचे जुने निरोपसुद्धा नाही.

आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग शुभा म्हणाली, "आजी, बस की इथं, उन्हात." मला टेप बंद करावीशी वाटली. केली नाही.

सोमीआजी बोलायला लागली. साहेब आला, कागद घेऊन आला. "आम्ही रान सरकारला राखायला दिलं."

शुभाने विचारलं, "राखायला म्हणजे?"

"गुराख्याला गुरं देतात ना राखायला, तसं. गुरं काय त्याची होतात व्हय?" आणि दोघी हसल्या.

मी तेवढाच भाग पुन्हा ऐकला. मग सगळं आठवलं. त्या वर्षी शुभाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आधी हाताने लिहून ठेवलेली तिची पानं मी टाइप केली होती. 'राखायला दिलं' वाचून मला वाटलं, घाईत लिहिताना चुकली. मी पुण्याच्या शाळेत शिकलेला माणूस, राखीव जंगल मला माहीत होतं. मी शुद्ध करून टाकलं, 'राखीव जंगल म्हणून दिलं'. गुरांची ओळ जमेना, म्हणून गाळली. तिने विचारलं, "दिनकर, नीट तपासलंस ना?" मी हो म्हटलं. तिने माझ्यावर सोडलं.

कौमुदी माझ्याकडे बघत होती.

"काय आहे काका?"

"आवाज नीट नाही. टेप खराब झालीय."

"माझ्याकडे साफ करायचं सॉफ्टवेअर आहे. बघू का?"

"नको म्हटलं ना."

ती जागची हलली नाही. तासभर मी तिला चोर समजून वागवत होतो, आणि आता लपवाछपवी मीच करत होतो. गप्प बसलो असतो तर शुभाचं पुस्तक स्वच्छ राहिलं असतं आणि रान गेलं असतं.

मी हेडफोनची वायर काढली. कोंबड्या, शुभा, सोमीआजी, सगळं खोलीभर ऐकू आलं. कौमुदीने 'राखायला' हा शब्द लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

"छापताना चूक कुणाची झाली?"

"माझी. तिची नाही. असंच लिही."

ऊर्जाला फोन केला. ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच बोलली. विचारलं, हे सगळ्यांना सांगायलाच हवं का, लोक आईच्या बाकीच्या कामावरही शंका घेतील. मी म्हटलं, घेऊ देत, म्हणून तर मूळ टेप देतोय.

शुक्रवारी व्हिडिओवर बैठक झाली. एका चौकोनात पाड्यांवरची पाच-सहा माणसं चटईवर बसली होती, दुसऱ्यात सरकारी वकील. मी टाइप करताना काय बदललं ते सांगितलं. कौमुदीने टेप लावली. शुभा हसली तेव्हा मी मान खाली घातली.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "दिनकरराव, इतकी वर्षं तुम्ही गप्प. करार व्हायच्या वेळेलाच बरी आठवण झाली? तुम्हाला हे बोलायला कुणी सांगितलं?"

राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

"कुणी नाही सांगितलं," मी म्हटलं. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. टेप तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. तोवर चौथं कलम थांबवा."

चटईवरची एक बाई तोंडाला पदर लावून शेजारणीला गुराख्याबद्दल काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या.

वकीलसाहेबांनी मसुद्यावर चौथ्या कलमाशी पेनाने काहीतरी खूण केली. काय केली ते इथून दिसत नव्हतं.

"वाचून दाखवा," मी म्हटलं. "काय लिहिलंत ते मोठ्याने वाचा, पाड्यांवरच्या माणसांनाही कळू दे."